आधी पदवी, मग वैद्यक?

आनंदीबाई जोशी १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्यापाशी कोणत्याही कॉलेजची पदवी नव्हती. सातासमुद्रापलीकडून आलेली विवाहित हिंदू स्त्री म्हणून त्या अपवाद होत्या. पदवी नसण्यात मात्र त्या काळी नवल नव्हते. अमेरिकेतली बहुतेक वैद्यकीय कॉलेजे तेव्हा प्राध्यापकांच्याच मालकीची होती. विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या व्याख्यानांचे तिकीट विकत घेई, आणि अनेक ठिकाणी चार-चार महिन्यांची दोन सत्रे झाली की डॉक्टर होई. दुसऱ्या सत्रात पहिलीच व्याख्याने पुन्हा ऐकायची. १८७० च्या सुमारास अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हार्वर्डमध्ये लेखी परीक्षेचा आग्रह धरला, तेव्हा प्राध्यापक हेन्री बिगेलो यांची हरकत अशी होती की बऱ्याच विद्यार्थ्यांना धड लिहिताच येत नाही.

पदवीची अट आली ती या बजबजपुरीवरचा उतारा म्हणून. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालय १८९३ मध्ये उघडले ते मेरी गॅरेट यांच्या देणगीवर. स्त्रियांना बरोबरीने प्रवेश आणि प्रवेशाआधी पदवी, या दोन्ही गोष्टी त्या देणगीच्या अटींत होत्या. पुढे १९१० साली एब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका-कॅनडातल्या १५५ विद्यालयांची झडती घेणारा अहवाल लिहिला. पण या कठोर परीक्षकानेही सरसकट पदवी मागितली नाही. रसायन, भौतिक आणि जीवशास्त्रासह कॉलेजची दोन वर्षे, एवढीच त्यांची किमान अपेक्षा होती. म्हणजे गरज होती ती पायाभूत विज्ञानाची. पूर्ण पदवीचा रिवाज त्यावर नंतर चढला. म्हणूनच १९६१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने शाळेतूनच निवडलेल्या मुलांसाठी पदवी आणि वैद्यक यांचा जोडअभ्यासक्रम काढला आणि १९७१ मध्ये कॅन्सस सिटीत सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा विज्ञानाला कात्री लागली नाही.

शाळेनंतर थेट वैद्यकाकडे जाण्यावर पहिला आक्षेप असा, की कोवळ्या वयाच्या मुलाच्या हाती रुग्ण कसा द्यायचा? पण तो पहिल्या दिवशी कोणीच देत नाही. आपल्याकडे बारावीनंतरच्या एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात, आणि जाण येते ती वॉर्डात राबून. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सतराव्या वर्षी वाट ठरवणे सुशिक्षित, सुखवस्तू घरातल्या मुलांनाच जमते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण लांबलेल्या पदवीचा खर्चही गरिबालाच जड जातो, आणि दर्जाच्या नावाखाली कोणाची दारे बंद होतात तेही इतिहासात नोंदलेले आहे. फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय विद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली. तेव्हा पदवीपूर्वी अर्ज करणाऱ्याकडे आडवाटेने घुसणारा म्हणून पाहू नये. त्याचे रसायन आणि जीवशास्त्र कसून तपासावे, फीची सोय करावी. पदवीचा कागद त्यानंतर विचारला तरी चालेल.