तक्रारीचे मोल



‘तक्रार’ हा शब्द आपण नित्य वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ सहसा आपल्या ध्यानात येत नाही. अरबीतून फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. मूळ अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुनरुक्ती, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे. एकट्या माणसाची कुरकुर वाऱ्यावर विरून जाते. परंतु एकमेकांस अनोळखी अशा अनेकांनी ठिकठिकाणांहून तेच गाऱ्हाणे मांडले, म्हणजे त्याला पुराव्याचे बळ येते. मोटारीतील आसनपट्ट्याचा, म्हणजे सीट बेल्टचा, इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

खांदा व कंबर या दोहोंना धरून ठेवणारा आजचा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीत निल्स बोहलिन या अभियंत्याने सिद्ध केला. या शोधाचा लाभ कंपनीने इतर कारखानदारांनाही खुला ठेवला. अमेरिकेत १९६६ साली मोटार-सुरक्षेचा कायदा झाला. गाडीत दोष आढळल्यास त्याची वर्दी मालकाला देणे त्याने कारखानदारावर बंधनकारक केले. पुढे १९६८च्या आरंभापासून नव्या मोटारींत पट्टे बसविणेही सक्तीचे ठरले.

पण पट्टा बसविणे निराळे आणि माणसाने तो बांधणे निराळे. म्हणून १९७४च्या नव्या गाड्यांत अशी योजना आली की, पुढच्या आसनावरील माणसाने पट्टा बांधल्याखेरीज इंजिन सुरूच होऊ नये. शेजारच्या आसनावर बाजारहाटाची पिशवी ठेवली, तरी यंत्र तिला माणूस समजून अडून बसे! मालक संतापले. त्यांच्या ओरडीपुढे अमेरिकी संसदेने माघार घेतली आणि ऑक्टोबर १९७४मध्ये कायदा करून ही सक्ती रद्द केली. गंमत अशी की, त्याच कायद्यात दुसरे एक कलम होते. सदोष गाडी कारखानदाराने विनामूल्य दुरुस्त करून दिली पाहिजे, असे ते सांगत होते. पहिल्या कलमाने गैरसोयीची तक्रार मिटविली. दुसऱ्याने दोषाच्या तक्रारीला हत्यार दिले.

त्या हत्याराची कसोटी १९९५ साली लागली. जपानी गाड्यांचे मालक अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे गाऱ्हाणी घेऊन येत होते. पट्टा बकलात अडकत नाही; अडकल्यासारखा वाटतो आणि आपोआप सुटतो; अशी ती गाऱ्हाणी होती. हे पट्टे ताकाता या जपानी कंपनीचे होते. आरंभी दोष मालकांच्याच माथी मारण्यात आला. बकलात अन्नाचे कण पडतात, पेये सांडतात, पाळीव जनावरांचे केस जातात, असे सांगण्यात आले.

चौकशीत कारण वेगळेच निघाले. पट्टा सोडविण्याचे बटण ज्या प्लास्टिकचे होते, ते उन्हातील अतिनील किरणांनी कालांतराने ठिसूळ होई. त्याचे तुकडे आत पडत आणि कळ अडकवीत. अखेर मुख्यतः १९८६ ते १९९१ या काळात तयार झालेल्या ८० लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दोषाची वर्दी वेळेवर न दिल्याबद्दल ताकाता आणि होंडा या कंपन्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर भरावे लागले. कंपन्यांच्या मानाने ही रक्कम क्षुल्लकच म्हणावी लागेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कारखान्यात कसोटी होते ती कोऱ्या मालाची. पाच-सहा उन्हाळे सोसलेले बटण असते ते मालकाच्या गाडीत. वस्तूचे म्हातारपण प्रथम त्याच्या बोटाला कळते. म्हणून त्याची तक्रार हे कारखान्याच्या परीक्षेला जोडलेले पुढचे पान होय. ते पान कोणी वाचलेच नाही, तर काय होते? याच ताकाताच्या हवेच्या पिशव्यांतील स्फोटक द्रव्य उष्णतेने व दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत गेले. त्यांच्या फुटलेल्या धातूच्या तुकड्यांनी जगात अनेकांचे प्राण घेतले. कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आपल्या देशात मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. धोकादायक दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यामुळे सरकारला मिळाला. संबंधित नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत. हा आदेश निघण्यासाठी ठरावीक प्रमाणात मालकांनी केलेल्या तक्रारी हा एक मुख्य आधार मानला जातो. म्हणजे ‘तकरार’ या शब्दाचा जुना अर्थच जणू कायद्यात उतरला आहे.

आपल्याकडे बकल अडले की आपण पट्ट्याचे टोक मांडीखाली दाबून बसतो, किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून तात्पुरते जमवून घेतो, आणि विषय तेथेच संपवितो. असे मुकाट्याने सोसण्याला आपण समंजसपणा म्हणतो. परंतु तीच कळ दुसऱ्या कोणाच्या गाडीतही अडत असेल, आणि त्या गाडीच्या आसनावर एखादे मूल बसलेले असेल. आपण लिहिलेल्या चार ओळी त्या मुलाच्या उपयोगी पडतील. तक्रार करणे म्हणजे भांडणे नव्हे. अनोळखी शेजाऱ्याला वेळेवर दिलेली ती हाक आहे.