नाक हलवणारी बायको

अमेरिकेत १७ सप्टेंबर १९६४ रोजी एबीसी वाहिनीवर 'बिविच्ड' ही विनोदी मालिका सुरू झाली आणि १९७२ पर्यंत तिचे २५४ भाग झाले. नवरा डॅरिन जाहिरात कंपनीत नोकरदार. बायको समँथा चक्क चेटकीण. तिनं नाक हलवलं की पसारा गायब! तर हा गृहस्थ म्हणतो, "जादूबिदू नको, हातानं कर." एवढी मोठी ठेव खात्यावर असून पैसाही न काढू देणारा खातेदार माझ्या पाहण्यात नाही.

जादूची कृती मात्र साधी. कॅमेरा थांबवायचा, नटांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं, कामगारांनी धावत येऊन सामान हलवायचं, की कॅमेरा पुन्हा सुरू! नाकसुद्धा खरं म्हणजे हलत नसे. एलिझाबेथ माँटगोमेरी वरचा ओठ हलवायची.

१९६९ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे डॅरिन झालेला डिक यॉर्क गेला. जागी डिक सार्जंट आला. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. बँकेत सही जरा बदलली तर चेक परत येतो. इथे अख्खा नवरा बदलला तरी खातं चालू!

लोक हसले ते जादूला, असं म्हणतात. मला नाही वाटत. नवऱ्याचा मान राहावा म्हणून आपली अक्कल झाकून ठेवणारी बायको त्यांच्या घरोघरी होती. समँथा निदान दर भागात एकदा नाक हलवून मोकळी व्हायची. बाकीच्यांनी काय हलवायचं?