संगमावरचा बंगला

कामं आवरली असतील, गटाच्या वह्या बाजूला ठेवल्या असतील, तर जरा निवांत बसा. आज तुम्हाला एका घराची गोष्ट सांगणार आहे. हे घर पुण्यात होतं, पण गोष्ट सुरू होते ती माझ्या दारापासून.

मी मुलुंडला राहते. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या सगळ्याला आज आपण मुंबईच म्हणतो. पण अडीचशे वर्षांपूर्वी ही मुंबई नव्हती. मुंबई म्हणजे माहीम आणि शीवपर्यंतचं बेट, ते इंग्रज कंपनीचं. माहीमची खाडी ओलांडली की साष्टी लागायची. वांद्रे, कुर्ला, अंधेरी, मुलुंड, ठाणे ही सगळी साष्टीतली गावं. साष्टी आधी पोर्तुगीजांकडे होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ती घ्यायला सुरुवात केली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. म्हणजे त्या काळी माहीमच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या इंग्रजाला पलीकडे वांद्र्याची झाडं दिसायची, आणि ती जमीन त्याच्यासाठी परक्या राज्याची होती.

मुंबईच्या इंग्रजांना ही साष्टी हवीच होती. बेटावर माणसं वाढत होती, धान्य बाहेरून यायचं, आणि शत्रू आला तर तो साष्टीतूनच येणार ही धास्ती. म्हणून १७७२ मध्ये त्यांनी टॉमस मॉस्टिन नावाचा आपला माणूस पुण्याला पेशव्यांच्या दरबारात नेऊन बसवला. अशा माणसाला तेव्हा वकील म्हणत. हा कोर्टातला वकील नव्हे. एका राज्याचा माणूस दुसऱ्या राज्यात राहतो, निरोप देतो-घेतो आणि डोळे-कान उघडे ठेवतो, तो वकील. मॉस्टिनला मुंबईहून सांगणं होतं की साष्टी आणि वसई आपल्याला मिळतील असं बघ.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७७३ मध्ये, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. घरात भाऊबंदकी पेटली. मॉस्टिन हे सगळं जवळून बघत होता. घर भांडतंय म्हटल्यावर शेजारी काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर १७७४ संपता संपता इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्या हाती गेली. पुढे सात-आठ वर्षं लढाया आणि तह झाले. शेवटी १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, त्यात वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मुलुंड, अंधेरी, बोरिवली तेव्हा गेली ती गेलीच.

आता येते त्या घराची गोष्ट. तह झाल्यावर कंपनीने पुण्यात कायमचा वकील ठेवायचं ठरवलं. त्याला ते रेसिडेंट म्हणत. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा साहेब मोठा लवाजमा घेऊन पुण्यात आला. त्याने राहायला जागा घेतली ती संगमावर, मुळा आणि मुठा या नद्या जिथे मिळतात तिथे. आज तिथे जवळच संगम पूल आहे. दरबारालाही ते बरंच वाटलं असणार. पाहुणा परका आहे, त्याचं खाणं-पिणं वेगळं, त्याची माणसं वेगळी. तो पेठेत नको, गावाबाहेर नदीकाठी राहू दे. जागा पेशव्यांची, बंगला साहेबाचा. नाना फडणविसांसारखा सावध माणूस तेव्हा कारभारी होता. साहेब यायचा, अदबीने बसायचा, बोलायचा आणि जायचा.

मॅलेटच्या घरात अंबर कौर नावाची एक हिंदुस्थानी स्त्री होती, त्याच्या मुलांची आई. जेम्स वेल्स नावाचा चित्रकार तेव्हा पुण्यात होता. नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं काढणारा तोच. त्याने अंबर कौरचंही चित्र काढलं. पुढे १७९८ मध्ये मॅलेट विलायतेला परतला आणि दुसऱ्या वर्षी त्याने त्याच वेल्सच्या मुलीशी लग्न केलं. घर कुठे मांडायचं, कधी मोडायचं, हे साहेब आणि दरबार ठरवत होते. त्या घरात नांदणाऱ्या बाईला त्यात मत नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकतात, म्हणून इथे थांबून सांगितली.

आपल्याकडे म्हण आहे ना, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. इथे गंमत अशी की ओसरी देणाऱ्या पेशव्यांचं आडनावच भट होतं, आणि हातपाय पसरले ते साहेबाने. कसे पसरले ते ऐका.

१८०२ च्या दिवाळीत पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरले आणि वसईला येऊन थांबले. वसई म्हणजे आमच्या बोरिवलीच्या पुढे गेलं, खाडी ओलांडली, की लागते ती. तिथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रज त्यांना पुन्हा गादीवर बसवणार, आणि त्याबदल्यात इंग्रजांची फौज कायमची पेशव्यांच्या राज्यात राहणार. त्या फौजेच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांनी तोडून द्यायचा. शिवाय दुसऱ्या कोणाशी परस्पर बोलणी करायची नाहीत.

बायांनो, हे कलम नीट बघा. आधी संगमावर एक बंगला होता. आता शहराच्या पूर्वेला गारपिराजवळ त्या बंगल्याच्या पाठीशी पलटणी उभ्या राहिल्या. आणि त्यांचा खर्च कोण देणार, तर घरमालकच. पाहुण्याचा पहारेकरी आपण पोसायचा, आणि तो आपल्यावरच नजर ठेवणार.

१८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून संगमावर आला. आपले लोक त्याला अल्पिष्टन म्हणत. हुशार, अभ्यासू, पुस्तकांचा वेडा माणूस. हळूहळू दरबारात काय व्हावं हे संगमावरून ठरू लागलं. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. एल्फिन्स्टनने पेशव्यांचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात कैद करून ठेवलं. तो किल्ला म्हणजे आजचा ठाण्याचा तुरुंग, मुलुंडची वेस ओलांडली की येतो. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८१६ मध्ये, त्रिंबकजी तिथून पळाला. मग जून १८१७ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांकडून आणखी एक कडक तह लिहून घेतला. आणखी मुलूख गेला, आणखी मान गेला.

आता पेशव्यांच्या मनात एकच, हा मुक्काम आपल्या दारातून हलला पाहिजे. दसऱ्यानंतर पुण्याभोवती मराठी फौजा जमू लागल्या. त्यांचे तंबू गारपिराच्या छावणीला अगदी भिडत चालले. एल्फिन्स्टनपुढेही पेच होता. छावणी तिथेच ठेवावी तर चारी बाजूंनी वेढली जाणार. हलवावी तर आपला विश्वास उडाला असं उघड सांगितल्यासारखं होणार, आणि मग लढाईच. त्याने बरेच दिवस वाट बघितली. शेवटी १ नोव्हेंबर १८१७ रोजी त्याने पलटणी खडकीला नेल्या. पुण्यात लोक म्हणाले, साहेब घाबरला. पण तो स्वतः संगमावरच राहिला.

५ नोव्हेंबरला पेशव्यांचा निरोप संगमावर आला. गोऱ्यांची नवी पलटण परत पाठवा, फौज पहिल्याइतकी करा, आणि छावणी आम्ही सांगू त्या जागी न्या.

मला विचाराल तर सगळ्या गोष्टीत मोलाची मागणी हीच. जमीन आपली, मग पाहुण्याने कुठे राहायचं हे आपणच सांगणार. यात चूक काही नाही. पण ही मागणी करायची वेळ १८०२ मध्ये वसईला होती. तिथे सही करताना बाजीरावांनी हा अधिकार हातातून सोडला होता. पंधरा वर्षांनी तो परत मागायला गेले, तेव्हा समोर वकील नव्हता, फौज होती.

एल्फिन्स्टनने नकार दिला, बंगला सोडला आणि नदी ओलांडून खडकीच्या पलटणींना जाऊन मिळाला. त्याची पाठ फिरते न फिरते तोच मराठी फौजेने संगमाचा बंगला लुटला आणि जाळला. त्याची पुस्तकं, कागदपत्रं, सगळी राख झाली. त्याच दिवशी दुपारी खडकीची लढाई झाली. इंग्रजांची माणसं तीन हजारांच्याही आत, पेशव्यांची त्याच्या कितीतरी पट, सेनापती बापू गोखले. पण लढाई इंग्रजांनी जिंकली. १७ नोव्हेंबरला पुणं पडलं आणि शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण चढलं. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले लढता लढता पडले. जूनमध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर गंगेकाठी बिठूरला गेले. पाहुण्याला हलवायला निघालेल्या यजमानालाच घर सोडावं लागलं.

बंगला जाळून काय साधलं? राग शमला असेल. पण बंगला विटामातीचा होता. खरा मुक्काम होता तो तहाच्या कागदात, आणि कागद जळला नव्हता.

आता शेवटी पुन्हा माझ्या दाराशी येते. अमेरिकेची मुंबईतली वकिलात अनेक वर्षं ब्रीच कँडीला, वांकानेरच्या राजांच्या जुन्या वाड्यात होती. नोव्हेंबर २०११ मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलात आली. परदेशी शिकायला, कामाला जाणारी आपली पोरं हातात फाईल घेऊन तिथे रांगेत उभी असतात. ही जागा कुठे आहे, तर माहीमच्या खाडीच्या पलीकडे, साष्टीत. जी साष्टी मिळवायला मॉस्टिन पुण्यात जाऊन बसला होता, तीच ही. पण आज फरक आहे. १९६३ मध्ये व्हिएन्ना शहरात देशादेशांनी मिळून एक करार केला. परदेशी वकिलात कुठे असावी याला यजमान देशाची संमती लागते, आणि पुढे जागा बदलायची तरी पुन्हा संमती लागते, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. बाजीरावांनी ५ नोव्हेंबरला जे मागितलं, ते आज कागदावर आधीच लिहिलेलं असतं.

म्हणून तुमच्या गावात कोणी जागा मागायला आलं, गायरान असो, गटाची खोली असो, की मनोऱ्यासाठी शेताचा तुकडा असो, तर नाही म्हणा असं मी सांगत नाही. पाहुणा यावा, व्यवहार व्हावा. पण अंगठा किंवा सही करण्याआधी तीन गोष्टी वाचून घ्या. किती वर्षांसाठी? त्याच्याबरोबर आणखी कोण येणार आणि खर्च कोणाचा? आणि ऊठ म्हणायचा हक्क कोणाकडे? हे तिन्ही कागदावर नसेल, तर कागद परत द्या आणि पुढच्या बैठकीत सगळ्याजणींसमोर मोठ्याने वाचायला लावा.

आज एवढंच. तुमच्या गावात कुठे जुना किल्ला, छावणी किंवा साहेबाचा बंगला असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याची गोष्ट विचारून ठेवा. पुढच्या वेळी ती तुमच्याकडून ऐकायला मला आवडेल. येते मी. नमस्कार.