५५५: एक पिन कमी झाली त्याची गोष्ट

ज्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर तारा खुपसून स्पीकरमधून एकदा तरी "पींऽऽ" असा आवाज काढलाय, त्यांना आजची चिप माहीत आहे. ५५५ टायमर. लॅमिंग्टन रोडवर आजही चहाच्या पैशात मिळते.

ती बनवली हान्स कॅमेन्झिंड या स्विस इंजिनिअरने. तो कॅलिफोर्नियात सिग्नेटिक्स कंपनीत होता. १९७० च्या मंदीत तिथे मोठी कपात झाली, आणि हा पठ्ठ्या स्वतःहून नोकरी सोडून कंपनीलाच म्हणाला, की मी बाहेरून टायमर चिप बनवून देतो. मोबदला आधीच्या पगाराच्या जवळपास निम्मा. आतल्या एका इंजिनिअरचं म्हणणं पडलं, की हे काम बाजारातल्या सुट्या भागांतून होतंय, मग नवी चिप कशाला? मार्केटिंगचा आर्ट फ्यूरी मात्र पाठीशी उभा राहिला, म्हणून काम मिळालं.

१९७१ च्या उन्हाळ्यात पहिलं डिझाइन पास झालं. त्यात कपॅसिटर चार्ज करायला कायम एकसारखा करंट देणारं सर्किट होतं, आणि त्यापायी पिना झाल्या नऊ. आठनंतरचं पॅकेज थेट चौदा पिनांचं! पास झालेल्या डिझाइनला सहसा कुणी हात लावत नाही. (आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तर नाहीच नाही.) कॅमेन्झिंडने लावला. ते सगळं काढून त्याने साधा रेझिस्टर वापरला.

गंमत अशी, की कपॅसिटर भरतो तो बॅटरीच्या व्होल्टेजवर, आणि चिप तो जोखते त्याच व्होल्टेजच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश खुणांवर. बॅटरी उतरली तर दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरतात. वेळ तीच राहते. पिना आठ झाल्या, चिप स्वस्त झाली, आणि १९७२ मध्ये बाजारात आली.

आपल्यासारख्या हौशी लोकांचं सगळं यावरच चालतं. १ किलोओहम, १० किलोओहम, ०.१ मायक्रोफॅरड एवढं जोडा, ३ नंबरच्या पिनेवरून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून ८ ओहमचा स्पीकर लावा. साधारण ६८० हर्ट्झचा सूर येतो. ९ व्होल्टची बॅटरी दमली की आवाज बारीक होतो, पण सूर फारसा हलत नाही. १० किलोओहमच्या जागी एलडीआर लावून त्यावर हात धरलात, तर सूर खाली उतरत जातो. फॉरेस्ट मिम्स यांनी हाताने लिहिलेल्या वह्यांमध्ये दोन टायमर जोडून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा सूर दिला. तेच सर्किट पुढे अटारी पंक कन्सोल म्हणून गाजलं.

आता नाव. आत ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर आहेत म्हणून ५५५, असं लॅबमध्ये सर्रास सांगतात. रेझिस्टर खरंच आहेत. पण कॅमेन्झिंडने स्वतः सांगितलंय, की तो आकडा सहज निवडलेला होता, आणि निवडला होता आर्ट फ्यूरीने.