पावसामागे जाणारे पाखरू

चातकाने मेघाची वाट पाहावी, हा आपल्याकडील कविकुलाचा जुना संकेत. परंतु ऑस्ट्रेलिया खंडाच्या मध्यभागातील रखरखीत मुलखात एक चिमुकला हिरवा पोपट असा आहे की, वाट पाहत बसण्याच्या भानगडीत न पडता तो मोठमोठ्या थव्यांनी पावसाच्या मागे स्वतःच निघतो, आणि जेथे गवताचे बी तयार झाले असेल तेथे युकॅलिप्टसच्या ढोलीत तात्पुरता संसार थाटतो. हाच तो बजरीगर. आपल्या बाजारात त्याला सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात. वस्तुतः ते नाव आफ्रिकेतील एका निराळ्या पोपटकुळाचे. तो बाजरी आवडीने खातो म्हणून त्याच्या नावाची व्युत्पत्ती बाजरीत शोधण्याचा मोह एखाद्या मराठी माणसास झाल्यास दोष देता येणार नाही. तथापि तो शब्द बहुधा गमिलराय या तेथील आदिवासी भाषेतून निघून, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जिभेवर झिजत झिजत आजच्या रूपास आलेला आहे.

जॉर्ज शॉ याने 1805 मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. परंतु त्याचे भाग्य, किंवा दुर्भाग्य, उजाडले ते 1840 मध्ये, जेव्हा जॉन गूल्ड हा पक्षिशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या सफरीवरून परतताना काही जिवंत बजरीगर इंग्लंडास घेऊन आला. पुढील पंचवीस वर्षांत गोष्ट एवढ्या थरास गेली की, लंडनच्या वॉपिंग भागातील एका व्यापाऱ्याच्या लहानशा खोलीत आपण एका वेळी दोन हजार बजरीगर पाहिल्याची नोंद खुद्द गूल्डनेच करून ठेवली आहे. ज्या थव्यास क्षितिज अपुरे पडे, तो असा एका खोलीत कोंबला गेला. पुढे 1894 मध्ये ऑस्ट्रेलियाने या पक्ष्यांच्या निर्यातीस मनाई केली. पण तोवर युरोपास ऑस्ट्रेलियाची गरज उरली नव्हती, कारण पिंजऱ्यातच त्याची वीण चालू होऊन चार दशके लोटली होती.

ही वीण इतकी सुलभ का झाली, याचे उत्तर त्या वाळवंटातच आहे. पाऊस केव्हा येईल याचा जेथे शिरस्ता नाही, तेथे विणीचा ठराविक ऋतू पाळणारा पक्षी टिकत नाही. दाणापाणी दिसताच अंडी घालावयास तयार असणारा टिकतो. पिंजऱ्यात दाणापाणी रोजचेच, म्हणजे सुकाळ बारमाही. म्हणून हा पक्षी पिंजऱ्यात वाढत गेला, आणि वाढला म्हणूनच स्वस्त झाला.

मग माणसाने त्याच्याकडून प्रथम रंग मागितला. बजरीगराचा हिरवा रंग मुळात एक नव्हेच. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून उमटणारी निळाई आणि तीवरील पिवळे रंगद्रव्य यांचा तो संयोग. त्यातील पिवळे लोपले की पक्षी निळा होतो. असा निळा पक्षी 1880 च्या सुमारास बेल्जियममध्ये निपजला, 1910 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात झळकला, आणि 1920 नंतरच्या दशकात जपानमधील धनिकांत त्याचे असे वेड पसरले की, एकेका जोडीस अवाच्या सव्वा मोल येऊ लागले. अर्थात काही वर्षांतच तो बाजार कोसळला. त्याच दशकात ब्रेमेनचा शाळामास्तर हान्स डंकर या रंगांच्या आनुवंशिकतेचा हिशेब एखाद्या फडणिसाच्या काटेकोरपणाने मांडीत होता, आणि 1925 मध्ये इंग्लंडातील हौशी मंडळींनी आपला क्लबही स्थापन केला.

रंगानंतर माणसाने वाणी मागितली. 1958 मध्ये बी. बी. सी. ची स्पर्धा जिंकलेला न्यूकॅसलकडील स्पार्की हा बजरीगर पाचशेहून अधिक शब्द बोले. 1962 मध्ये तो मेल्यावर त्याचे शरीर पेंढा भरून वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आले. आपल्याकडेही राघूस ‘विठू विठू’ शिकविण्याची परंपरा जुनी. मात्र देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990–91 पासून बंदी आल्याने आपल्या राघूस कायद्याचे छत्र मिळाले, आणि पिंजऱ्यातील त्याची जागा या परदेशी पाहुण्याकडे गेली. पण बोलणाऱ्या पक्ष्याचे एक मर्म आहे, ते कौतुकाच्या भरात कोणी पाहत नाही: बजरीगर बहुधा एकटा असतो तेव्हाच माणसाची भाषा उचलतो. थव्यात राहावयास जन्मलेल्या जिवास थवा मिळाला नाही, म्हणजे समोर असलेल्या माणसालाच तो थवा मानतो आणि त्याची बोली शिकतो.

म्हणून जो अनेक बजरीगर एकत्र पाळतो, त्याने बोलक्या पोपटाची आशा सोडूनच या उद्योगात पडावे. त्याच्या वाट्यास प्रथम येते ती चाकरी. पक्षी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतात, तेव्हा भरलेली दिसणारी वाटी निव्वळ फोलाची असू शकते. रोज सकाळी तीवर फुंकर मारून पाहिली नाही, तर भरल्या वाटीपाशी पाखरे उपाशी राहतात. राळे, बाजरी, कोथिंबीर, चुन्यासाठी समुद्रफेस आणि ताजे पाणी, हा रोजमुरा चुकता कामा नये. नवा पक्षी आणल्यास महिनाभर वेगळा ठेवावा. विणीसाठी मडकी टांगावयाची तर जोड्यांपेक्षा अधिक आणि एका उंचीवर, अन्यथा वरच्या मडक्याच्या वतनासाठी माद्या रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. अंडी दिवसाआड पडतात व सुमारे अठरा दिवसांनी त्याच क्रमाने फुटतात. त्यामुळे एकाच मडक्यात थोरले पिलू पिसे धरू लागलेले आणि धाकटे अजून उघडे, असे दृश्य दिसते, आणि तरीही आई त्या धाकट्याची चोच नेमकी हुडकून काढते.

परंतु सर्वांत अवघड काम निराळेच आहे. पिंजऱ्यातील सुकाळ संपत नाही, म्हणून मादीही थांबत नाही; अंड्यांवर अंडी घालीत ती झिजून मरते. दोन वेळा वीण झाली की मडकी उतरवून घेणे, म्हणजे आपल्या हाताने दुष्काळ पाडणे, हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. जो पाऊस आणि जी अनावृष्टी तेथे आकाशाच्या स्वाधीन होती, ती येथे एका सामान्य माणसाच्या हाती येते, आणि दया कित्येकदा देण्यापेक्षा वेळीच हात आखडण्यात असते, हे तो मडके उतरवताना शिकतो.

मोबदला काय, असे कोणी विचारील. दुपारच्या वेळी सारी पाखरे अर्धे डोळे मिटून, कोणासही उद्देशून नव्हे अशी एक अखंड कुजबूज करीत असतात. तीत आपल्यासाठी एकही शब्द नसतो. मग मृगाची पहिली सर पत्र्यावर वाजते, आणि ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी ऑस्ट्रेलिया पाहिलेली नाही, ती पाखरे एकदम जाळीकडे धावतात, पंख पसरतात, कलकलाट करतात. पावसामागे त्यांना आता कोठेही जावयाचे नसते. दुसऱ्या दिवशी मडकी पुन्हा टांगावी की नाही, एवढाच प्रश्न त्यांच्या धन्यापुढे उरतो.