पानिपतची सार्वजनिक स्मृती (पंचवटी, नाशिक)

पानिपतच्या तिसऱ्या लढाईत (14 जानेवारी 1761) मारल्या गेलेल्यांचे मराठी समाजाने केलेले स्मरण. या स्मरणाचा एक धागा पंचवटीतल्या रामकुंडापर्यंत येतो. रणांगणात पडलेल्या विश्वासरावांच्या आई गोपिकाबाई यांनी उत्तरायुष्य नाशिकजवळ गंगापूरला काढले व 1696 मध्ये बांधलेल्या या कुंडाची सुधारणा करवली. लढाईनंतर सुमारे पाच महिन्यांनी पती नानासाहेब पेशवे वारले. पुढे पुत्र माधवराव क्षयाने (1772) गेले, धाकटे पुत्र नारायणराव यांचा खून झाला (1773). गोपिकाबाई 1788 मध्ये नाशिकला निवर्तल्या. यात्रेकरू कुंडाला ओळखतात ते रामाच्या नावाने. या आईचे नाव तिथे क्वचितच निघते.

पानिपतावर पडलेल्या बहुतेकांचे देह घरी आलेच नाहीत. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या मृत्यूवर पत्नी पार्वतीबाईंचा विश्वास बसला नाही. भाऊ म्हणून पुढे आलेल्या तोतयाला 1776 मध्ये देहान्त शिक्षा झाली. देह न सापडलेल्यासाठी धर्मशास्त्राने पालाशविधी सांगितला आहे: पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन. शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धाला भाद्रपद वद्य चतुर्दशी आणि मृत्यूची तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या राखलेली आहे. पितृपक्षात रामकुंडावर पिंडदानाची गर्दी होते, तीत हे दोन्ही दिवस येतात. युद्धातल्या मृतांना पंचांगात जागा देणारी ही व्यवस्था मोलाची आहे. पण ती घराण्यापुरती. ज्याचे नाव घेणारा उरला नाही, तो तिच्यातून निसटतो.

असे निसटलेले लोक पुष्कळ होते. विजयी पक्षातला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लढाईनंतर सुमारे 40,000 कैद्यांची कत्तल झाल्याचे लिहिले आहे. आकडा वादग्रस्त असला, तरी छावणीतल्या निःशस्त्रांचा संहार झाला हे निर्विवाद. या यात्रेकरू, व्यापारी, नोकरचाकर, बायकामुलांना बखरी ‘बुणगे’ म्हणून उरकतात, पराभवाचे खापरही त्यांच्यावर फुटते. हा अन्याय आजवर चालत आला आहे.

मृतांची नावे गोळा करणे हे सार्वजनिक स्मरणाचे पहिले काम. जेरुसलेमचे याद वाशेम नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावे नातलगांच्या साक्षींवरून 1950च्या दशकापासून नोंदवत आहे. कोरेगाव भीमाच्या जयस्तंभावर तिथल्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर तिथे आले, पुढे त्या नावांतल्या महार सैनिकांमुळेच इंग्रजांचा तो विजयस्तंभ दलित समाजाचा अभिमानबिंदू झाला.

पानिपतला काला आंब येथे स्मारकस्तंभ आहे, दर 14 जानेवारीला तिथे लोक जमतात. त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : 1761’ हा ग्रंथ आणि विश्वास पाटील यांची कादंबरी (1988) यांनी लढाई घरोघरी नेली. नव्या स्मारकाची चर्चा निघते तेव्हा सरदारांच्या पुतळ्यांआधी गाववार नामावली व्हायला हवी. तिची काही सामग्री पेशवे दफ्तरात आणि सरदार घराण्यांच्या कागदांत आहे. बुणग्यांसाठी मात्र बिननावाची, पण ठळक शिळाच लागेल.