माकडवाली डबी, उंटाची शाई

लहानपणी आजी दुकानात पाठवायची, तेव्हा कंपनीचं नाव कधी सांगायची नाही. 'माकडवाली डबी आण,' एवढंच. माकड छाप काळी टूथ पावडर. आजीला अक्षरओळख नव्हती, पण दुसरीच डबी आणली तर आल्या पावली परत पाठवायची.

आज धामणगाव बढेतही दुकान टाकायचं म्हटलं की आधी 'लोगो'ची चौकशी होते. हा शब्द आपल्याकडे अलीकडचा. त्याआधी शिक्का होता, मार्का होता आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेली 'छाप' होती. शिवकाळातल्या पत्रांवर माथ्याला मुद्रा असे आणि मजकूर संपला की मोर्तब. मोर्तबाखाली कुणी ओळ वाढवली तर ती ग्राह्य नाही. म्हणजे शिक्का शोभेसाठी नव्हताच. इथवरच्या शब्दाला मी बांधील आहे, असं तो सांगायचा.

आमच्या भागात हीच गोष्ट कापसाने शिकवली. खामगावच्या बाजारासाठी 1870 साली रेल्वेचा फाटा आला आणि वऱ्हाडाचा कापूस गाठी बांधून मुंबईकडे जाऊ लागला. त्यात पाणी मारणं आणि हलका माल मिसळणं हे प्रकारही होतेच. शेवटी 1925 च्या कायद्याने प्रत्येक प्रेसिंग कारखान्याला बंधन घातलं: गाठ बाहेर पडण्याआधी तिच्यावर कारखान्याचा ठरलेला मार्का आणि अनुक्रमांक पडलाच पाहिजे. गाठ कुठेही फुटो, आतला माल वाईट निघाला तर तो कुणी दाबला हे कळायचं. मला हा मार्का फार मोलाचा वाटतो. चित्र म्हणून त्यात काहीच नव्हतं, पण त्यामागे उत्तर देणारा माणूस होता.

चित्राचा वारसा दुसरीकडून आला. मँचेस्टरचं कापड इकडे यायचं, त्यावर देव, हत्ती, वाघ यांची रंगीत तिकिटं डकवलेली असत. गिऱ्हाईक ताग्याचं नाव वाचत नसे, चित्र ओळखत असे. आपल्या कारखानदारांनी हे बरोबर हेरलं. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. आधी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या होत्या, पुढे उंट आला. 'कॅमल' आणि 'इंक' मिळून 'कॅमलिन' झालं. आमच्या शाळेत मात्र तो उंटच राहिला. 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी हातात ब्रश घेतलेला खोडकर पोरगा काढला. त्याचं नाव स्पर्धा घेऊन लोकांकडूनच मागवलं आणि तो 'गट्टू' झाला. चित्र लोकांच्या तोंडी बसलं पाहिजे, हे यातून दिसतं.

म्हणून परवा गावातल्या एका पोराने तूरडाळीच्या धंद्यासाठी मोबाइलवर पाच लोगो दाखवले, तेव्हा मी एकच विचारलं, 'याला हाक कशी मारायची?' पाचही नीटस होते, गोलात पान, पानात अजून एक पान. पण नाव घेऊन मागावं असं त्यात काही नव्हतं.

मग आम्ही पोत्यापासून सुरुवात केली. डाळ बारदानातून जाणार आणि बारदानावर रंग एकच, काळा. पत्र्याचा साचा धरून ब्रश ठोकत छाप मारायची. बारीक रेघ तागात पसरते, तिचा डाग होतो. शिवाय साच्याचं एक वेगळंच गणित असतं: 'व' कापला की त्याच्या पोटातला पत्रा गळून पडतो, म्हणून मध्ये बारीक पट्टी जोडलेली ठेवावी लागते. 'ठ'चंही तेच. आमच्या पत्रेवाल्याने हे कागदावर न काढता थेट कातरीने करून दाखवलं.

शेवटी तिफण ठरली. तीन फण, वर चाडं, सगळं जाड रेघेत. खाली गावाचं नाव आणि पोत्याचा क्रमांक. क्रमांकासाठी मी हट्ट धरला.

पहिली खेप मलकापूरला उतरली, तेव्हा हमालाने दुसऱ्याला ओरडून सांगितलं, 'तिफणवाली आधी घे रे!'